उंदराच्या गाठीचा खुराक

अव्वानं विचारलं आणि मी खरं सांगितलं, एवढंच काय ते घडलं.

उन्हाळ्याचे दिवस. ती फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून बर्फाचा ट्रे ओढून काढत होती आणि ट्रेच्या मागं तिला एक बाटली दिसली. आत काहीतरी पिवळसर, गोठून दगड झालेलं, बाहेर इंग्रजी लेबल. हे काय रं, म्हणून तिनं विचारलं. मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, सीरम हाय अव्वा, रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी.

"कुणाच्या रक्ताचं?"

शहाण्या माणसानं इथं 'औषध हाय' म्हणून विषय मिटवला असता. पण वर्गात वर्षानुवर्षं शिकवून मला एक खोड लागलेली. कुणी प्रश्न विचारला की त्याचं पूर्ण उत्तर द्यायचं, ते कुणाला हवं असो वा नसो.

"वासराच्या," मी म्हणालो. "गाईच्या पोटातल्या वासराच्या. अजून जन्मलेलं नसतंय ते."

आमचं घर वीरशैवांचं. मूळचे आम्ही गडहिंग्लजकडचे, म्हणून घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आईला अव्वा म्हणायचं. अव्वाच्या गळ्यात इष्टलिंग. पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, आणि आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. तिनं ट्रे परत जागेवर ठेवला. आवाज चढवला नाही. सावकाश म्हणाली, "आणि ते माझ्या दुधाच्या वर ठेवलंस?"

मग मी चुकीवर आणखी एक चढवली. तिला धीर यावा म्हणून सांगितलं की अव्वा, हे आपल्याकडचं न्हाय, बाहेरच्या देशातनं आलंय.

"तिकडल्या वासरांना आई नसती व्हय रं?"

अव्वानं दूध काढलं, दही काढलं, लोण्याचा गोळा काढला, कोथिंबिरीची जुडीसुद्धा काढली आणि सगळं स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मांडलं. त्या दिवसापासून फ्रिज तिच्यापुरता घरातून गेला. माठातलं पाणी, ताटलीखाली झाकलेलं दही, आणि एप्रिलच्या उकाड्यात दूध नासू नये म्हणून दिवसातून तीनतीनदा तापवणं. तापवणार कोण, तर माझी बायको. ती कागलची. बोलायला सडेतोड, पण अत्तींसमोर, म्हणजे सासूसमोर, तोंड उघडत नसे. ते सगळं माझ्यासाठी राखून ठेवत असे.

आता ही बाटली घरात का आली, ते सांगायला हवं, नाहीतर मी नुसता वेडा वाटेन. तसा तो समज घरात होताच, पण वाचकांचा तरी होऊ नये.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि दुपारनंतर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. सकाळी बेडूक, दुपारी पेशी. विषय असा. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पियूषिका. अंगातल्या बाकी ग्रंथींवर हिचा हुकूम चालतो. कधीकधी हिच्यातच गाठ होते. कर्करोगासारखी ती अंगभर सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी वाढते, नजरेच्या नसा दाबते, आणि नको तेवढी हार्मोन सोडत बसते. मग कुणाच्या हातापायाचे पंजे वाढत जातात, कुणा बाईची पाळी बंद होते, मूल होत नाही, आणि घरातले लोक तिलाच बोल लावत बसतात. ही गाठ कशानं वाढते, हा माझा प्रश्न. संशय दोघांवर. एक म्हणजे इस्ट्रोजेन, हे बायकांच्या अंगातलं हार्मोन. दुसरं म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला जी प्रथिनं वापरतात ती. ताप आला, जखम झाली, की ही प्रथिनं रक्तातून धावत सुटतात. त्यातलं एक, इंटरल्यूकिन-सहा, फार चक्रम. निरोगी पियूषिकेच्या पेशीला ते भेटलं की ती वाढायची थांबते. गाठीच्या पेशीला तेच भेटलं की ती दुपटीनं वाढते. निरोप एकच, दोन घरांत अर्थ दोन. मला हे एवढं आवडलं होतं की लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगायचो. शेजारचा पुढच्या वेळी दुसऱ्या रांगेत बसायचा.

हा प्रयोग माणसावर करता येत नाही. तो काचेच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींवर करायचा. माझ्या पेशी एका उंदरिणीच्या गाठीतून कुणीतरी कधीकाळी काढलेल्या होत्या, आणि जगभर फिरत फिरत पुण्याच्या एका संस्थेत पोचल्या होत्या. तिथून मी त्या एसटीनं आणल्या. थंडी लागू नये म्हणून फ्लास्क शर्टाच्या आत पोटाशी धरून बसलो होतो. साताऱ्याला शेजारच्या पावण्यानं काळजीनं विचारलं की पोटात कळ येतीया काय, गाडी थांबवायला सांगू का.

या पेशींना खायला लागतं. साखर, क्षार, जीवनसत्त्वं घातलेलं गुलाबी पाणी, त्याला माध्यम म्हणतात, आणि त्यात थोडं सीरम. हे पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, आणि सीरमशिवाय त्या जगत नाहीत. आणि प्रत्येक बाटलीतलं सीरम थोडं वेगळं असतं, म्हणून सगळा प्रयोग एकाच खेपेच्या सीरमवर करायचा असा दंडक. ती खेप बदलली की आधीची सगळी मोजणी वाया. माझ्याकडं त्या खेपेची एवढीच बाटली उरली होती. आणि नेमका विभागाचा डीप फ्रीझर बसला. दुरुस्तीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालला होता, त्याची चाल बघता सीरम तोवर वितळून, नासून, वास मारायला लागलं असतं. म्हणून मी बाटली बर्फात घालून घरी आणली आणि बर्फाच्या ट्रेमागं लपवली. लपवली म्हणजे माझ्या मते.

वर्षअखेरीला माझी नोंदणी संपणार होती. माझ्या मार्गदर्शकांना एकच आकृती हवी होती, पेशी किती वाढल्या ते दाखवणाऱ्या चार खांबांची. ज्या फ्लास्कमध्ये काहीही घातलेलं नाही त्याचा खांब खाली, इस्ट्रोजेन घातलेल्याचा वर, इंटरल्यूकिनवाल्याचा वर, दोन्ही घातलेल्याचा सगळ्यात वर. ही आकृती आली की प्रबंध पुरा. नाही आली तर इतकी वर्षं पाण्यात आणि मी जन्मभर आहे तिथंच.

बाटली घरातून हलवण्याचा हुकूम बायकोकडून आला. तिचं म्हणणं, दूध तापवायला माझी हरकत न्हाय, पण अत्ती येईल त्या पावण्याला 'फ्रिजमधलं पाणी नको, माठातलं दे' म्हणून सांगतात, आणि पावणा माझ्याकडं बघतो. शाहूपुरीत माझ्या शाळेतल्या मित्राचं आइस्क्रीमचं दुकान होतं. त्याच्याकडं गेलो. एक बाटली डब्यात घालून, डबा पक्का बंद करून देतो, तुझ्या फ्रीझरच्या तळाशी ठेव, म्हणालो. त्यानं आत काय हाय ते विचारलं. या वेळी मी शहाणा झालो होतो. उंदराच्या गाठीचा खुराक हाय, म्हणालो.

"ठेव," तो म्हणाला. "पण दुकानात कुणाला सांगितलंस तर तुझी गाठ माझ्याशी हाय."

डबा पिस्त्याच्या डब्याखाली गेला. दर वेळी थोडं सीरम काढायला मला दुकानात जावं लागे, आणि गिऱ्हाइकांसमोर नुसतंच फ्रीझरमध्ये हात घालणं बरं दिसत नाही म्हणून आइस्क्रीम खावं लागे. त्या हंगामात पेशींपेक्षा मीच जास्त वाढलो.

प्रयोग लावला. वीज जायची ती वेगळीच. वीज गेली की पेशींची ऊबदार पेटी गार व्हायला लागायची, मग मी तिच्यात बायकोची गरम पाण्याची पिशवी ठेवायचो. पेशी सुकू नयेत म्हणून भराभर, आणि बुरशी लागू नये म्हणून श्वास रोखून काम करायचं. शेवटी फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवून मोजणीच्या काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायची.

सगळे खांब सारखे.

काही न घातलेल्या फ्लास्कमधल्या पेशीही तेवढ्याच जोमानं वाढल्या होत्या. मार्गदर्शक म्हणाले, हात बसला नाही, पुन्हा करा. पुन्हा केला. पुन्हा सारखे. मग ते म्हणाले, इस्ट्रोजेन जुनं असेल. नवीन मागवलं, ते यायलाच पावसाळा उजाडला. पुन्हा सारखे. इंटरल्यूकिनची कुपी तर एवढीशी आणि एवढी महाग की ती मी पंखा बंद करून, दार लावून उघडली. आत बघितलं तर काहीच नाही. रिकामी कुपी पाठवली म्हणून मी कंपनीला पत्र लिहायला बसलो होतो. मग कळलं की आतलं प्रथिन धुळीएवढं असतं आणि काचेला चिकटून बसतं, डोळ्यांना दिसतच नाही. ते विरघळवून घातलं. तरी सारखे.

मी चिडलो की कसा चिडतो ते आमच्या घराला माहीत आहे. मी भांडत नाही, मी वस्तूंशी बोलतो. त्या दिवसांत मी फ्लास्कशी बोलायचो. अरे, तुला काहीच दिलं नाही, तू कशाच्या जिवावर वाढतोस? विभागातले सहकारी दार ओढून घ्यायचे. गावात कुठंही गेलं तरी एकच चौकशी. केस कापणारा विचारायचा, झाली का पीएचडी? बायकोचा चुलता कागलहून आला की दारातच म्हणायचा, जावई, अजून उंदरंच व्हय? मी हसायचो. हसताना दातावर दात घासायचे.

अव्वानं तेवढ्या काळात माझ्याशी त्या विषयावर एकदाच बोलणं काढलं. बाटली घरातून गेल्यावर फ्रिज धुऊन पुसून घेतला होता, तरी ती त्याच्याकडं फिरकत नव्हती. मी उंबऱ्याशी बसून बूट काढत होतो. शेंगा निवडता निवडता तिनं विचारलं, की तू ज्याच्यासाठी एवढं करतोस ती गाठ झालीया कुणाला?

"उंदरिणीला," मी म्हणालो.

"मग ती बरी होणार काय?"

"ती कधीच मेली, अव्वा. मी कामाला लागायच्याही आधी कित्येक वर्षं. तिच्या गाठीच्या पेशी तेवढ्या जगल्यात."

अव्वा शेंगा निवडायची थांबली. "म्हंजे बाई गेली आणि तिची गाठ जगती," ती म्हणाली. "आणि तू गाठीला जेवू घालतोस."

मला सांगायचं होतं की गाठ का वाढते ते समजलं तर उद्या एखाद्या बाईची गाठ थांबवता येईल. सांगायला तोंड उघडलं, आणि आठवलं की माझ्या खांबांवरून तेही सांगता येत नाही. मी बूट कोपऱ्यात सरकवले आणि आत गेलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुण्यात एक चर्चासत्र होतं. मार्गदर्शकांनी मला पाठवलं. आकृती नव्हती, म्हणून मी पोस्टरवर पेशींचे फोटो लावले, चार फ्लास्कचा एक मोठा रंगीत फोटो लावला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं की सर्व प्रयोग सीरमच्या एकाच खेपेवर केले. त्याचा मला अभिमान होता. आइस्क्रीमच्या दुकानाचा उल्लेख टाळला.

चहाच्या वेळी एक वयस्कर बाई पोस्टरपाशी थांबल्या. पांढरे केस, साधी सुती साडी, हातात बिस्किट. त्या याच विषयातल्या मोठ्या संशोधक, हे मला नंतर कळलं, ते बरंच झालं. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि विचारलं, "सीरम कोळशातून काढलं होतं का?"

मला वाटलं त्या गाळण्याबद्दल बोलतायत. म्हणालो, नाही मॅडम, तसंच वापरलं, शुद्ध होतं.

"शुद्धच होतं हो," त्या म्हणाल्या. "पण पोटातल्या वासराच्या रक्तात इस्ट्रोजेन असणारच ना? आईकडून येतं. कोळशाच्या भुकटीत घोळवून ते आधी काढून टाकावं लागतं. नाहीतर तुमच्या रिकाम्या फ्लास्कमध्ये ते पहिल्या दिवसापासून आहेच." मग त्यांनी रंगीत फोटोवर बोट ठेवलं. "आणि हे गुलाबी माध्यम. त्यात रंगासाठी जे टाकतात तेसुद्धा थोडंसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. बिनरंगी माध्यम मिळतं, ते घ्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. मला, माझ्या मार्गदर्शकांना, आमच्या अख्ख्या विभागाला माहीत नव्हतं. आम्ही ज्या जुन्या पुस्तकावरून काम करत होतो त्यात ते नव्हतं, आणि नवी नियतकालिकं आमच्याकडं यायची बंद झाली होती. मी त्यांना इंटरल्यूकिनचं विचारलं. त्या म्हणाल्या, सीरममध्ये तशा निरोपांची अख्खी जत्रा असते, त्यात तुमचा एक निरोप कुणाला ऐकू जाणार? एवढं सांगून त्यांनी दुसरं बिस्किट उचललं आणि पुढच्या पोस्टरकडं गेल्या. वाईट बोलल्या नाहीत. पाठीवर थाप मारून गेल्या असत्या तर मला जास्त लागलं असतं.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली होती पण बाहेर काही दिसत नव्हतं. माझ्याकडं रिकामा फ्लास्क कधी नव्हताच. ज्या पाण्यानं मी पेशी जगवल्या त्याच पाण्यात मी शोधत होतो ते हार्मोन होतं, पोटभर होतं, आणि वरून मी त्यात चिमूट चिमूट टाकून वाट बघत होतो की आता काय होतंय. ज्या सीरमसाठी घरात आईशी वाकडं आलं, ज्या बाटलीपायी तब्येतीचं भजं झालं, तिनंच माझा प्रयोग बुडवला होता. चिडायला तरी कुणीतरी हवं असतं. गाईवर कसं चिडणार?

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. अव्वा देवळात गेली होती. बायको अंगणात पापड वाळत घालत होती. मी पिशवी खाली न ठेवताच सगळं सांगायला लागलो, कोळशापासून गुलाबी रंगापर्यंत, मोठ्या आवाजात, कारण हळू आवाजात सांगितलं असतं तर रडलो असतो. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कान टवकारले ते मला दिसत होतं. बायको पापड पसरत ऐकत होती. मध्ये एकदा तिनं विचारलं, "मग आता मुदत किती उरली?" मी सांगितलं, उरलेल्या मुदतीत बिनरंगी माध्यम पुण्यामुंबईहून येईपर्यंतच वेळ जाईल, कोळसा आणायचा, सीरम त्यात घोळवायचं, मग सगळा प्रयोग पहिल्यापासून. मुदतवाढ मागायची तर मार्गदर्शकांच्या पाया पडायला लागणार, आणि ते पहिल्यांदा मलाच विचारणार की एवढी वर्षं काय केलंत. मी कंटाळलोय, म्हणालो. मी सोडतो. सोमवारी जाऊन सांगतो, की माझ्याच्यानं होत नाही. बेडूक शिकवीन आणि घरी येऊन झोपेन.

तिनं हातातला शेवटचा पापड पसरला, त्याची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, सोडा मेलं ते. किंवा म्हणेल, असं सोडू नका. दोन्हीला माझी तयारी होती, दोन्हीवर भांडायचं ठरवून आलो होतो.

ती हात पुसत उठली आणि म्हणाली, "सोडायचं तर सोमवारी सोडा. पण तुम्ही परवापासनं पुण्याला, त्या तुमच्या पेशींचं पाणी कुणी बदललंय? आधी जावा आणि त्यांना खायला घालून या. काय ठरवायचं ते उपाशी मारून ठरवू नका."